जुना सांगाडा, नवे इंजिन

आमच्या जोयडा तालुक्यात लढाऊ विमान हा चर्चेचा विषय व्हावा, याचे कुणालाही नवल वाटेल. येथे बोलणे होते ते अणशी घाटातील दरडीचे, रानडुकरांनी केलेल्या भातशेतीच्या नासाडीचे, नाहीतर सुपे धरणाच्या पाणीपातळीचे. तरीही २६ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन नवरात्रात, आमच्या ओसरीवर याच विषयावरून तास-दीड तास वाद झाला. त्या दिवशी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या विमानाला निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षांनी निवृत्त होत होते. आमचे मेहुणे आयुष्यभर ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. ते त्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला होते. दूरचित्रवाणीवरील तो सोहळा पाहताना त्यांचे डोळे पाणावले. शेजारच्या घरातील, बेळगावात अभियांत्रिकी शिकणारा मुलगा तेथेच बसला होता. तो म्हणाला, "काका, यात वाईट वाटण्यासारखे काय आहे? हे विमान वीस वर्षांपूर्वीच घरी बसवायला हवे होते."

मेहुणे क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बाळ, ज्याने ते उघडून पुन्हा पुन्हा जोडले आहे, त्याला तसे म्हणवत नाही."

दोघेही खरे बोलत होते, असे आम्हाला वाटले. दोन खरी विधाने एकमेकांवर आदळतात, तेथेच नीतीचा प्रश्न जन्माला येतो. जुन्या वस्तूला नवी शक्ती देऊन तिचे आयुष्य वाढवणे हा सद्गुण की दोष? आणि तो कुठवर सद्गुण राहतो? त्या दिवसापासून या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. त्यामागे आमचे एक खाजगी कारणही आहे. ते पुढे येईलच.

डागडुजी हा आपल्या संस्कृतीचा स्वभाव आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. जुन्या नऊवारीची गोधडी होते. फुटक्या हंड्याला कल्हईवाला डाग देतो. घराचे वासे बदलतात, कौले बदलतात, तरी घर आजोबांचेच राहते. आपल्या पूर्वजांनी या मुलखात वस्ती केली, तेव्हा बाजारातून नवे आणणे हा मार्गच नव्हता. जे आहे ते टिकवणे हेच शहाणपण होते. त्यामुळे 'टाकून द्या' या शब्दांची आपल्या पिढीला थोडी भीतीच वाटते. जिला यंत्रातील एकही भाग वाया घालवावासा वाटत नाही, त्या ओझरच्या कामगाराची वृत्ती याच मुशीतली आहे.

ओझरचा इतिहास वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९६२च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास ओरिसातील कोरापुट येथे त्यांच्या इंजिनांचा कारखाना आला. म्हणजे विमानाचे शरीर महाराष्ट्रात घडायचे आणि हृदय ओरिसात. ओझरने आधी मिग-२१ बांधले, मग मिग-२७, मग सुखोई-३०. पण या कारखान्याचे तितकेच मोठे काम होते ते जुन्या विमानांच्या फेरजुळणीचे. ठरावीक तास उड्डाण झाले की विमान ओझरला यायचे. त्याचा प्रत्येक भाग सुटा व्हायचा, तपासला जायचा, बदलला जायचा, आणि विमान पुन्हा आकाशात जायचे. या शतकाच्या आरंभी सुमारे सव्वाशे मिग-२१ विमानांना नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे आणि नवी उपकरणे देऊन त्यांचे 'बायसन' करण्यात आले. २०१९च्या फेब्रुवारीत काश्मीरच्या आकाशात जे मिग-२१ लढले, ते हेच बायसन.

इतके भाग बदलल्यावर ते विमान तेच उरते काय? हा प्रश्न नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की, तू रथातून आलास, तर तो रथ म्हणजे नेमके काय? चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? सांगाडा म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या साऱ्यांच्या जुळणीला 'रथ' हे केवळ नाव आहे. तत्त्वचिंतकाला हे उत्तर पुरेल. पण रथ हाकणाऱ्या सारथ्याला ते पुरणार नाही. त्याला कळायला हवे की या जुळणीतला सर्वांत दुबळा भाग कोणता, कारण उतारावर त्याचा जीव त्या भागावर अवलंबून असतो.

विमानाच्या बाबतीत तो दुबळा भाग बहुधा डोळ्यांना दिसत नाही. धातूलाही थकवा येतो. प्रत्येक उड्डाणात पंखांवर ताण येतो, उतरल्यावर तो सुटतो. तार वारंवार वाकवली की शेवटी तुटते, तशीच सूक्ष्म भेग धातूत वाढत जाते. म्हणून सांगाड्याचे वय उड्डाणाच्या तासांत मोजतात. इंजिन बदलता येते. इंजिन हा मुळी ठरावीक तासांनंतर उतरवून बदलण्याचाच भाग आहे. पण त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवणे वेगळे, आणि आधुनिक, अधिक शक्तीचे परके इंजिन बसवणे वेगळे. नवे इंजिन वेगळ्या वजनाचे असते, त्यामुळे विमानाचा तोल बदलतो. त्याला हवा वेगळ्या प्रमाणात लागते, म्हणून हवा आत घेणारा मार्ग तपासावा लागतो. त्याची उष्णता वेगळी, कंप वेगळा, विजेची व इंधनाची जोडणी वेगळी. मग महिनोन्‌महिने चाचणी-उड्डाणे करावी लागतात. म्हणजे हृदय बदलायचे तर सारे शरीर पुन्हा समजून घ्यावे लागते.

याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण जग्वार विमानाचे आहे. १९७९ मध्ये ते भारतात आले. जमिनीलगत उडून शत्रूच्या प्रदेशात खोलवर मारा करण्यासाठी ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून ते घडवले होते. त्याचे 'अडोर' इंजिन युरोपच्या थंड हवेत ठीक होते. आपल्याकडील उन्हाळ्यात, पूर्ण भाराने उडताना, ते अपुरे पडते ही तक्रार जुनी आहे. फ्रान्सने आपली जग्वार २००५ मध्ये निवृत्त केली, ब्रिटनने २००७ मध्ये. भारताने मात्र ती ठेवली आणि 'डॅरिन' या नावाच्या योजनांतून त्यांना टप्प्याटप्प्याने नवे संगणक, नवी मार्गदर्शक यंत्रणा, नवे रडार दिले. डोळे नवे झाले, हृदय जुनेच राहिले. ते हृदयही बदलावे असे हवाई दलाच्या मनात होते. हनीवेल या अमेरिकी कंपनीचे इंजिन त्यासाठी पुढे आले. ते वजनाने हलके आणि रेट्याने अधिक होते. स्पर्धेतून दुसरी कंपनी बाहेर पडली; मग एकाच विक्रेत्याकडून खरेदी कशी करायची, हा प्रश्न आला. पत्रव्यवहार, मूल्यांकने आणि वाटाघाटी यांत वर्षे गेली. किंमत वाढत गेली आणि विमाने म्हातारी होत गेली. अखेर २०१९ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. नव्या इंजिनाचा खर्च विमानाच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने फार होतो, हा हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब म्हणून तो बरोबरच दिसतो. पण त्याची दुसरी बाजू पाहा. इंजिन बदलले नाही, तरी विमान थांबले नाही. २०१८ मध्ये फ्रान्सने आपल्या निवृत्त जग्वारांचे ३१ सांगाडे सुट्या भागांसाठी देण्याचे मान्य केले. आता जगात हे विमान केवळ आपणच उडवतो. २०२५ या एका वर्षात मार्चमध्ये अंबाल्याजवळ, एप्रिलमध्ये जामनगरजवळ आणि जुलैमध्ये राजस्थानात चुरूजवळ अशी तीन जग्वार कोसळली. पहिल्या अपघातात वैमानिक सुखरूप बाहेर पडला. पुढच्या दोहोंत मिळून तीन तरुण गेले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असू शकते, आणि त्याचा निवाडा चौकशी समितीचा आहे. आमचा मुद्दा एवढाच की 'इंजिन बदलणे परवडत नाही' हे उत्तर मिळाल्यावर 'मग हे विमान कोणत्या तारखेपर्यंत उडवायचे?' हा प्रश्न त्याच बैठकीत, त्याच टेबलावर यायला हवा. एरवी न परवडण्याची किंमत बैठकीच्या बाहेर कुणीतरी दुसराच भरतो.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी ठरेल. अमेरिकेचे बी-५२ हे अवाढव्य बॉम्बफेकी विमान. आज त्यांच्याकडे असलेली अशी सारी विमाने १९६०च्या दशकाच्या आरंभी बांधलेली आहेत. त्या प्रत्येकावरची आठही इंजिने बदलून नवी रोल्स-रॉईस इंजिने बसवण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला आणि ती विमाने २०५०च्या पुढे वापरण्याचा त्यांचा मानस आहे. नातवाने आजोबांचे विमान उडवावे, अशी ही गोष्ट. मग त्यांना जे शोभते ते आपल्याला का शोभू नये? फरक वयाचा नाही. बॉम्बफेकी विमान सरळ उडते. लढाऊ विमानासारख्या जीवघेण्या गिरक्या त्याला घ्याव्या लागत नाहीत, म्हणून त्याचा सांगाडा कमी थकतो. सांगाड्यात किती आयुष्य उरले आहे हे आधी मोजले, आणि मग इंजिनाचा निर्णय घेतला. आपल्याकडेही मिग-२९ विमानांचा कायापालट २००८च्या करारानुसार झाला आणि त्यांना कोरापुटला बांधलेली सुधारित इंजिने मिळाली. म्हणजे जुन्याला नवे इंजिन देणे मुळात चुकीचे नाही. प्रश्न आधी काय मोजले, याचा आहे.

आणि इंजिनाची वाट पाहत ज्याचे आयुष्य सरले, त्या 'मरुत' विमानाला कसे विसरावे? कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेले हे आपले पहिले जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. सांगाडा इतका सुरेख की तो ध्वनीच्या पलीकडे जाण्यासाठीच आखला होता. पण तेवढ्या शक्तीचे इंजिन मिळाले नाही. इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या इंजिनाचाही प्रयोग झाला. तोही फळाला गेला नाही. अपुऱ्या इंजिनावर मरुत १९७१च्या युद्धात शौर्याने लढले आणि मग हळूहळू मिटून गेले. स्वदेशी 'कावेरी' इंजिनाची योजना १९८९ मध्ये मंजूर झाली; २००८ मध्ये तेजस विमानाची तिच्याशी असलेली जोडणी तोडावी लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस मार्क-१ए प्रथमच उडाले, तेही अमेरिकी इंजिनावर. ज्याला स्वतःचे इंजिन घडवता येत नाही, त्याला जुन्या सांगाड्याविषयीचा निर्णयही पूर्णपणे स्वतःचा घेता येत नाही, हे या साऱ्यातून दिसते.

आता आम्ही त्या खाजगी कारणाकडे वळतो.

१९९०च्या दशकातील गोष्ट. आम्ही राज्य शासनाच्या एका खात्यात तालुका पातळीवर अधिकारी होतो. कार्यालयाला एक जीप होती, पेट्रोलवर चालणारी, आमच्या नोकरीपेक्षाही जुनी. पेट्रोल महाग झाले होते, आणि जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची त्या काळी सर्वत्र लाट होती. नवी गाडी मागावी तर मंजुरीला वर्षे लागत. आम्ही टिपणी लिहिली: इंजिन बदलल्यास वाहन आणखी पाच वर्षे सेवा देईल आणि इंधनखर्चात मोठी बचत होईल. टिपणी मंजूर झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. आम्हालाही आपल्या काटकसरीचा अभिमान वाटला.

गाडीचा चालक आमच्यापेक्षा वयाने मोठा होता. सारे त्याला मामा म्हणत. कुंभारवाड्याकडचा माणूस, बोलणे मोजके. इंजिन बसवून गाडी आली, त्यानंतर आठवडाभरातच तो आमच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. "साहेब, इंजिन नवे आले, पण गाडी तीच आहे. पुढे वजन वाढलेय. ब्रेक आणि पाटे बदलून घ्या." आम्ही म्हणालो, "मामा, या वर्षीची तरतूद संपली. पुढच्या वर्षी पाहू." तो काही बोलला नाही. त्याने मान हलवली आणि गेला. त्या मान हलवण्याचा अर्थ 'ठीक आहे' असा नव्हता, हे आम्हाला पुढे कळले.

पावसाळ्यात एके दिवशी आम्ही त्याला कागदपत्रे घेऊन कारवारला पाठवले. आम्ही स्वतः गेलो नाही, बैठक होती. अणशी घाट उतरताना ब्रेक लागेनात. समोरून बस येत होती. मामाने गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला घातली. बसमधील कुणालाही काही झाले नाही. त्याचा उजवा गुडघा मात्र चिरडला. तो पुन्हा कधी गाडी चालवू शकला नाही. चौकशी झाली. 'वाहनाचे वय व पावसाळी रस्ता' असे कारण नोंदले गेले. आमच्यावर ठपका आला नाही. टिपणी नियमानुसारच होती.

पण ती टिपणी आमच्या हस्ताक्षरात होती, आणि 'पुढच्या वर्षी पाहू' हे शब्द आमच्या तोंडचे होते. मामाने आम्हाला कधी बोल लावला नाही. गणपतीला तो काठी टेकत आमच्याकडे येत असे. चहा घेताना पाय लांब करून बसावे लागे, त्याबद्दल तोच ओशाळा होई. त्याच्या त्या ओशाळेपणाने आम्हाला जे शिकवले, ते कोणत्याही सेवानियमाच्या पुस्तकात आम्हाला सापडले नव्हते.

आम्ही शिकलो ते असे. काटकसर हा सद्गुण आहे तो स्वतःच्या बाबतीत. आपण जुना सदरा घालतो तेव्हा थंडी आपल्याला वाजते. पण बचत एकाची आणि धोका दुसऱ्याचा अशी विभागणी झाली की त्याच कृतीचे नाव बदलते. आम्ही डिझेलचे पैसे वाचवले. ते मामाच्या गुडघ्यातून वसूल झाले. लढाऊ विमानाच्या बाबतीत ही विभागणी पराकोटीला जाते. जो निर्णय करतो तो वातानुकूलित खोलीत असतो. जो तो निर्णय जगतो तो पंचविशीतला मुलगा असतो, आणि मिग-२१ सारखे विमान धावपट्टीवर टेकवताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक असतो.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१च्या अपघातात गेले. त्यांच्या आईवडिलांनी, कविता व अनिल गाडगीळ यांनी, दुःख घरात कोंडून न ठेवता हवाई सुरक्षेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. त्यासाठी मुलाच्या नावाने संस्था काढली. मराठी घरातील ती लढाई आपल्या पिढीने वर्तमानपत्रांतून पाहिली आहे. संरक्षणमंत्र्यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितले की हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी त्या वर्षीच्या १९ एप्रिलपर्यंत ४८२ विमानांना अपघात झाले, आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले.

या आकड्यांचा दोष सारा विमानाच्या वयावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. मेहुण्यांचा राग येथेच होता, आणि तो रास्त होता. प्रशिक्षणाचेच पाहा. साध्या विमानावरून थेट मिग-२१ सारख्या तापट विमानावर तरुण वैमानिकाला बसवू नये, मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्यावे, ही शिफारस १९८२ मध्ये झाली. ते 'हॉक' विमान आपल्या कर्नाटकातील बिदरच्या तळावर हवाई दलात दाखल झाले ते २००८ मध्ये. मध्ये सव्वीस वर्षे. या काळात कुणीही शिफारस नाकारली नव्हती. ती केवळ पुढच्या वर्षीवर गेली, आणि मग त्याच्या पुढच्या. सरकारी सेवेत राहिल्याने आम्ही हे जाणतो की कार्यालयात दुष्ट माणसे फार थोडी असतात. बहुतेक सज्जनच असतात, आणि प्रत्येक सज्जनाच्या टेबलावरून फाईल दोन महिन्यांनी पुढे सरकते. कुणीही मोठी चूक करत नाही, आणि तरी शेवटी कुणाचा तरी मुलगा घरी परतत नाही.

यावर एक बिनतोड आक्षेप आहे, आणि तो मेहुण्यांनी त्या दिवशी घेतलाही. ते म्हणाले, "जुनी विमाने काढली असती तर सीमेवर काय उडवले असते? कागद?" हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत, मिग-२१ गेल्यावर त्या २९वर आल्या. नवी विमाने वेळेवर आली नाहीत, म्हणून जुनी ठेवावी लागली. हातात तलवार नसताना जुनी तलवार पाजळून लढणारा सैनिक दोषी नसतो; त्याला पाजळून देणारा लोहारही नसतो. ओझरच्या कामगारांनी सुमारे सहा दशके देशाला वेळ मिळवून दिला. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण मिळवून दिलेल्या वेळाचे आपण काय केले, हा प्रश्न लोहाराचा नव्हे, दरबाराचा आहे. दुरुस्ती देशाला अवधी देते. त्या अवधीत नवे घडवले, तर दुरुस्ती धर्म्य ठरते. तो अवधी झोपेत घालवला, तर त्याच दुरुस्तीचे रूपांतर सबबीत होते.

आपल्या परंपरेने याचा विचार केला आहे, असे आम्हाला वाटते. मंदिराचा जीर्णोद्धार करणे हे पुण्यकर्म मानले आहे. भिंती, शिखर, गाभाऱ्याची फरशी, सारे बदलावे. देऊळ तेच राहते. पण मूर्ती भंगली तर तिची पूजा चालू ठेवत नाहीत. तिचे विधिपूर्वक विसर्जन करून नवी प्रतिष्ठापना करतात. भक्ती कमी झाली म्हणून नव्हे. उलट भक्ती आहे म्हणूनच. कोणता भाग बदलायचा आणि कोणता भाग भंगला की सन्मानाने निरोप द्यायचा, हा विवेक जीर्णोद्धारातच अंतर्भूत आहे. तो विवेक गाळला की उरते ती नुसती रंगरंगोटी.

आमच्याच जिल्ह्यात यंत्रांच्या जीर्णोद्धाराची दोन उदाहरणे उभी आहेत. काळी नदीवरील नागझरी वीजगृहातील १३५ मेगावॉटचे संच नूतनीकरणानंतर १५० मेगावॉटचे झाले. धरण तेच, पाणी तेच, शक्ती वाढली. येथे पाया भक्कम होता आणि कोणता भाग थकला हे आधी ठाऊक होते. दुसरे उदाहरण कारवारच्या नौदल तळावरील 'विक्रमादित्य'. १९८७ मध्ये सोव्हिएत नौदलात दाखल झालेली ही युद्धनौका आपण २००४च्या करारानुसार नवे बॉयलर आणि नवी यंत्रणा बसवून घेतली. जुनी नौका खोलून पाहिल्यावर काम अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक निघाले. सुमारे ९७ कोटी डॉलरचा खर्च २३५ कोटी डॉलरवर गेला आणि २००८ मध्ये मिळायची ती नौका २०१३ मध्ये मिळाली. आज ती देशाची सेवा करते आहे, म्हणून तो निर्णय वाया गेला असे कुणी म्हणणार नाही. पण जुने ते स्वस्त, हा समज तिने कायमचा मोडला.

मग जुन्या विमानाला नवे इंजिन द्यावे की देऊ नये? आम्ही अभियंते नाही. कोणत्या विमानाला कोणते इंजिन, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण असा कागद ज्याच्या टेबलावर येईल, त्याने सही करण्यापूर्वी स्वतःला काही विचारावे, एवढे सांगण्याचा अधिकार आम्ही अणशी घाटात, दुसऱ्याच्या रक्ताने, मिळवला आहे. सांगाड्यात उरलेले आयुष्य मोजले आहे काय, की केवळ नव्या इंजिनाची क्षमता मोजली आहे? हे विमान शेवटचे कधी उतरेल, ती तारीख याच कागदावर लिहिली आहे काय? आणि जो त्यात बसणार आहे, त्याने काही सांगितले असेल, तर ते या फाईलमध्ये आहे काय, की 'पुढच्या वर्षी पाहू' या शेऱ्याखाली दबले आहे? या प्रश्नांची उत्तरे असतील तर जुने विमान खुशाल उडवावे. नसतील तर कितीही शक्तिशाली इंजिन बसवले तरी आपण केवळ निर्णय पुढे ढकलला आहे.

मेहुणे दसऱ्यानंतर नाशिकला परत गेले. निघण्याआधी त्या शेजारच्या मुलाला त्यांनी जवळ बोलावून विचारले, "शिकून झाल्यावर काय करणार?" तो म्हणाला, "ठरवले नाही." मेहुणे म्हणाले, "इंजिन कर. सांगाडे आम्ही पुष्कळ सांभाळले."

मामा आता हयात नाही. मात्र अजूनही कारवारला जाताना अणशीच्या त्या वळणावर आम्ही बसच्या चालकाच्या पायाकडे पाहतो. ब्रेक लागतो, बस मंदावते, आणि आम्ही पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागतो.